एथ्निसिटी फॅक्ट्स अँड फिगर्स : भारतीय आणि बांगलादेशी, एकाच तक्त्यात

'एथ्निसिटी फॅक्ट्स अँड फिगर्स' ही ब्रिटिश सरकारची मोफत वेबसाइट आहे. या देशात राहणाऱ्या वेगवेगळ्या वंशांच्या लोकांची घरं, पगार, शाळा, तब्येत, पोलिसांशी येणारा संबंध, अशा सगळ्याची आकडेवारी तिथे एका जागी मिळते. मी पूर्व लंडनमध्ये एका सल्ला केंद्रात काम करते. थकलेलं भाडं, बंद झालेला भत्ता, कर्ज, मालकाने बुडवलेला पगार असल्या अडचणी घेऊन लोक आमच्याकडे येतात, आणि त्यातले निम्म्याहून अधिक मूळचे सिल्हेटचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. केंद्राचे अनुदानाचे अर्ज मी लिहिते. प्रत्येक अर्जात 'गरज आकड्यांनी दाखवा' असा रकाना असतोच, त्यामुळे ही साइट मला सतत लागते.

तिच्याबद्दल मराठीत लिहायचं कारण मात्र अर्ज नाहीत. इथल्या मराठी घरांत जेवणं झाली, पानं उचलली की एक विषय हमखास निघतो. आपण भारतीय इथे येऊन कसे वर आलो, आणि 'ते' कसे होते तिथेच राहिले. 'ते' म्हणजे बहुतेक वेळा बांगलादेशी. कारणं तोंडावरच असतात. आपल्याकडे शिक्षणाला किंमत आहे, त्यांच्याकडे नाही. आपण घर घेतो, ते कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाड्याच्या फ्लॅटमध्ये पडून राहतात. हे बोलणारी माणसं चांगली आहेत, माझ्या अडीअडचणीला धावून आलेली आहेत. पण ज्यांच्याबद्दल ते बोलतात त्यांचे कागद रोज माझ्या टेबलावर असतात, त्यामुळे मला ते ऐकवत नाही. तेव्हा हे परीक्षण एवढ्याच प्रश्नाचं आहे: दोन समाजांची आर्थिक आणि सामाजिक स्थिती शेजारी शेजारी ठेवून प्रामाणिकपणे बघायची असेल, तर ही साइट किती कामाची?

आधी थोडी ओळख. २०१६ मध्ये पंतप्रधान झाल्यावर थेरेसा मे यांनी सगळ्या सरकारी खात्यांना सांगितलं की तुमच्या सेवा कुठल्या वंशाच्या लोकांपर्यंत कशा पोचतात ते तपासा आणि जाहीर करा. त्यातून ऑक्टोबर २०१७ मध्ये ही साइट खुली झाली. त्याआधी घरांचे आकडे एका खात्याकडे, शाळांचे दुसऱ्याकडे, पगाराचे तिसरीकडे. छापलेलं सगळं असायचं, पण शोधता शोधता जीव मेटाकुटीला यायचा. आता विषयवार पानं आहेत. पानाच्या वरच्या भागात ठळक मुद्दे, खाली आलेख आणि तक्ता, मग मोजणी कुणी केली, कशी केली आणि आकडे वाचताना काय सांभाळायचं याची साध्या इंग्रजीतली टीप. सगळ्यात खाली पूर्ण फाईल उतरवून घ्यायची सोय. लॉगिन लागत नाही, पैसे पडत नाहीत. ती टीप मला या साइटची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. 'हा नमुना लहान आहे, या दोन गटांतला फरक योगायोगाचाही असू शकतो' हे सरकारने स्वतःच्या आकड्यांखाली स्वतः लिहावं, याचं मला फार अप्रूप आहे.

आता आकडे बघू.

घराच्या मालकीचं पान उघडा. २०१६ ते २०१८ च्या आकड्यांनुसार इंग्लंडमधली ६३ टक्के कुटुंबं स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होती. गोऱ्या ब्रिटिशांत हे प्रमाण ६८ टक्के, आणि भारतीयांत ७४ टक्के, म्हणजे गोऱ्या ब्रिटिशांपेक्षाही जास्त. बांगलादेशींत निम्म्याहून कमी. जेवणानंतरच्या गप्पांना इथे पुरावा मिळाल्यासारखा वाटतो आणि बहुतेक लोक इथेच पान बंद करतात.

मी सांगेन की त्याच विभागातलं पुढचं पान उघडा, दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांचं. २०१६ ते २०१९ या काळात बांगलादेशी कुटुंबांपैकी २४ टक्के कुटुंबांना घर अपुरं पडत होतं. पाकिस्तानी कुटुंबांत १८ टक्के, गोऱ्या ब्रिटिशांत २ टक्के. हे 'अपुरं' ठरवायचा नियम पक्का आहे. नवरा-बायकोला एक खोली. २१ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला एक. १० ते २० वयातल्या दोन मुलींना मिळून किंवा दोन मुलांना मिळून एक. दहाच्या आतली दोन लेकरं एका खोलीत चालतात. असं मोजून जितक्या झोपायच्या खोल्या लागतात त्याहून कमी असतील तर ते घर दाटीचं.

हा नियम कागदावर फार कोरडा वाटतो. माझ्याकडे घर बदलून मिळावं म्हणून अर्ज भरायला एक बाई आल्या होत्या. दोन बेडरूमचा फ्लॅट. त्या आणि नवरा, सासूबाई, बावीस वर्षांचा मोठा मुलगा, चौदा आणि अकरा वर्षांच्या दोन मुली, आठ वर्षांचा धाकटा. नियमाने मोजलं तर पाच खोल्या हव्यात. 'सध्या कोण कुठे झोपतं' या रकान्यासाठी त्या एकेकाचं नाव घेऊन सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. सासूबाई आणि मुली एका खोलीत, त्या आणि धाकटा दुसऱ्या खोलीत, थोरला बैठकीच्या खोलीत सोफ्यावर. नवरा रेस्टॉरंटमधून रात्री एकच्या पुढे येतो, मग तो जमिनीवर गादी टाकतो. चौदा वर्षांची मुलगी आईबरोबर दुभाषी म्हणून आली होती. अभ्यास कुठे करतेस, असं मी विचारलं, कारण तोही प्रश्न अर्जात होता. ती म्हणाली, "इमारतीच्या जिन्यात. तिथे दिवा रात्रभर चालू असतो." तिची वही तिच्या हातातच होती, बीजगणिताची उदाहरणं नीट रेघा मारून सोडवलेली. शिक्षणाला किंमत नाही असं म्हणणाऱ्यांनी तो जिना एकदा बघून यावा.

आणि आता शिक्षणाचंच पान. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षांत चिनी मुलं सगळ्यात पुढे आणि भारतीय मुलं त्यांच्या मागोमाग, हे बरीच वर्षं चालू आहे. पण बांगलादेशी मुलांची ओळ बघा. २००० सालाच्या आसपास ती गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या मागे होती. आज ती राष्ट्रीय सरासरीच्या वर आहेत आणि गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे निघून गेली आहेत. शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या, म्हणजे गरीब घरातल्या मुलांचं प्रमाण त्यांच्यात जास्त असूनही. टॉवर हॅम्लेट्स हा लंडनचा बरो, म्हणजे स्वतःची पालिका असलेला विभाग, १९९७ मध्ये इंग्लंडच्या १४९ शिक्षण विभागांत १४९ वा होता. तळाचा. २०२१ च्या जनगणनेत याच बरोच्या लोकसंख्येत ३४.६ टक्के बांगलादेशी आहेत, शाळांत तर त्याहून पुष्कळ जास्त. पंधरा-सोळा वर्षांत तिथल्या शाळा देशाच्या सरासरीच्या वर गेल्या. आईबाप तेच, धर्म तोच, घरातलं बोलणं तेच. शाळांवर पैसा खर्च झाला, चांगले शिक्षक टिकले, मशिदीपासून कौन्सिलपर्यंत सगळ्यांनी मुलांच्या हजेरीकडे लक्ष दिलं. एका समाजाची 'संस्कृती' दीड दशकात बदलली असं कुणी म्हणत असेल तर मला पटवून द्यावं.

पगाराकडे वळते, कारण इथे साइटची पहिली मोठी उणीव दिसते. रोजगार, बेकारी, तासाचा पगार अशा बऱ्याच पानांवर 'भारतीय' असा एक रकाना आहे आणि शेजारी 'पाकिस्तानी आणि बांगलादेशी' असा एकत्र रकाना. भारतीयांत काम करायच्या वयाच्या चौघांपैकी तिघं तरी कामावर, या जोडरकान्यात दहांतले सुमारे सहा. जोडण्याचं कारण खाली दिलेलं आहे: हे आकडे नमुना पाहणीतून येतात आणि बांगलादेशींची संख्या लहान असल्याने एकट्याचा आकडा भरवशाचा राहत नाही. कारण खरं आहे. पण ब्रॅडफर्डचा मीरपुरी टॅक्सीवाला आणि व्हाइटचॅपलचा सिल्हेटी स्वयंपाकी यांची सरासरी काढून जे येतं ते दोघांपैकी कुणाचंच नसतं. मला अर्जात बांगलादेशी बायकांच्या रोजगाराबद्दल लिहायचं असतं तेव्हा हा रकाना जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

पगारासाठी मी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे, ओएनएसचे, आकडे वापरते. २०१८ साठी त्यांनी गट वेगवेगळे ठेवून तासाचा मध्यम पगार दिला होता, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळतो तो. गोरे ब्रिटिश १२.०३ पौंड, भारतीय १३.४७, चिनी १५.७५, बांगलादेशी ९.६०. भारतीय आणि बांगलादेशी यांच्यातलं अंतर तासाला ३.८७ पौंड. आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर सुमारे १४५ पौंड. आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांत एवढ्या रकमेवर भाडं थकणं किंवा न थकणं ठरतं. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती जिचा गप्पांत कधी उल्लेख होत नाही: तिशीच्या आतल्या लोकांत वंशांमधली पगाराची दरी मोठ्या वयाच्या लोकांपेक्षा लहान आहे. म्हणजे इथे वाढलेली पिढी अंतर कापते आहे.

पूर्ण कापते असं मात्र नाही. सामाजिक गतिशीलता आयोगाने २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की पाकिस्तानी आणि बांगलादेशी मुलं, आणि त्यातही मुली, शाळेत चमकतात, विद्यापीठात जातात, पण वरच्या नोकऱ्यांत त्या प्रमाणात पोचत नाहीत. गुण मिळवूनही दार उघडत नसेल तर दोष गुण मिळवणाऱ्याचा कसा? साइटवर शिक्षणाचं पान एका विभागात आहे, नोकरीचं दुसऱ्या. दोन्ही टॅब शेजारी उघडून बसलं नाही तर हे दिसत नाही.

दुसरी उणीव मला जास्त खुपते. हे आकडे आज कोण कुठे उभं आहे ते सांगतात, कोण कुठून निघालं ते सांगत नाहीत. भारतीय आणि बांगलादेशी यांची तुलना करताना तर सगळं त्यातच आहे.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या आपा आहेत. वयाने मोठ्या, म्हणून सगळे त्यांना आपाच म्हणतात. त्यांचे वडील १९६३ मध्ये सिल्हेटहून आले, तेव्हा त्यांच्या हातात पासपोर्ट पाकिस्तानचा होता. १९६२ च्या स्थलांतराच्या कायद्याने कामाची व्हाउचर्स, म्हणजे इथे कामाला येण्याचे परवाने, सुरू झाली होती, त्यांतलं एक त्यांना मिळालं. ओल्डहॅमच्या सूतगिरणीत रात्रपाळी. माझं माहेर इचलकरंजीचं. माग बंद पडला की घराचं काय होतं, उधारीची वही कशी जाड होत जाते, हे मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे आपांनी पुढचं सांगितलं तेव्हा मला काही समजावून घ्यावं लागलं नाही. सत्तरच्या दशकात गिरण्या बंद पडत गेल्या. वडील लंडनला आले आणि चुलतभावाच्या रेस्टॉरंटमध्ये कांदे चिरायला लागले. १९७१ चं युद्ध, मग कायद्याची कडक होत गेलेली दारं, यांतून वाट काढत बायकोमुलांना आणेपर्यंत १९८४ उजाडलं. आपा तेव्हा बारा वर्षांच्या होत्या, इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. १९७८ मध्ये अल्ताब अली या तरुण कामगाराचा व्हाइटचॅपलमध्ये वंशद्वेषातून खून झाला होता. आपा आल्या तेव्हाही तिथल्या बायका एकट्यादुकट्या बाहेर पडत नसत. आज आपा केंद्राच्या पहिल्या टेबलावर बसतात आणि त्यांची मुलगी फार्मासिस्ट आहे.

ही एकट्या आपांची गोष्ट नाही. २००१ च्या सुमाराची आकडेवारी सांगते की नोकरीत असलेल्या बांगलादेशी पुरुषांपैकी दर पाचांतले दोन स्वयंपाकी किंवा वेटर होते. गोऱ्या ब्रिटिशांत हे प्रमाण शंभरात एक. ज्या रेस्टॉरंटांवर 'इंडियन' अशी पाटी असते त्यांतली बहुतेक याच लोकांनी उभी केली आणि चालवली. त्याच सुमाराला नोकरी करणाऱ्या भारतीय पुरुषांत वीसातला एक डॉक्टर होता.

आता भारतीय कसे आले ते बघा. साठच्या दशकात एनएचएसला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेला, डॉक्टर हवे होते, ते शिकून तयार होऊन आले, त्यात मराठी डॉक्टरही पुष्कळ. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ चं, म्हणजे आपली शिकायला आलेली मंडळी त्याच्याही आधीपासून इथे होती. पंजाबी पुरुष साउथॉलच्या कारखान्यांत राबले, त्यांचे हाल सिल्हेटींपेक्षा फार कमी नव्हते, पण त्यांची कुटुंबं तुलनेने लवकर आली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितलं. सुमारे अठ्ठावीस हजार लोक ब्रिटनला आले, बहुतांश गुजराती. लेस्टरच्या कौन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'इथे येऊ नका' असं कळवलं होतं, तरी आले. त्यांची दुकानं, घरं, बँकेतले पैसे सगळं मागे राहिलं, त्या दुःखाला तोड नाही. पण हिशोबाची सवय, इंग्रजी, व्यापाराची जाण आणि ओळखीपाळखी त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकलं नाही. २०२१ मध्ये लेस्टरच्या लोकसंख्येत ३४.३ टक्के भारतीय आहेत. आणि गेल्या पंचवीस वर्षांत जे आपण आलो, सॉफ्टवेअरवाले, बँकवाले, परिचारिका, त्यांना तर व्हिसाच पदवी आणि पगार बघून मिळालेला आहे. सरकारने दारातच शिकलेली माणसं निवडून घेतली आणि मग त्यांचा सरासरी पगार जास्त निघाला. यात आपली मेहनत आहेच, मी ती माझ्या घरात बघते. पण ती आपांच्या वडिलांनी रात्रपाळीत केलेल्या मेहनतीपेक्षा जास्त होती, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जागेचा मुद्दाही असाच. ब्रिटनमध्ये घर घेता येतं की नाही हे बरंचसं तुम्ही कुठे राहता यावर ठरतं. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड-वेल्समध्ये ६,४४,८८१ बांगलादेशी आहेत आणि त्यांतले निम्मे एकट्या लंडनमध्ये. भारतीय सुमारे साडेअठरा लाख, त्यांतले लंडनमध्ये पस्तीस टक्के. लंडनमध्ये सगळ्याच समाजांत स्वतःच्या घराचं प्रमाण कमी. मग ७४ टक्क्यांची निम्म्याशी तुलना करताना लेस्टरच्या वीटबंद घराची तुलना पूर्व लंडनमधल्या स्टेपनीच्या फ्लॅटशी होत असते. साइटवर प्रदेशानुसार तक्ते आहेत, पण तिथे गेलं की 'गोरे ब्रिटिश' आणि 'इतर सगळे' असे दोनच गट उरतात. कारण पुन्हा तेच, नमुना लहान. ज्या ठिकाणी तुलना खरी रंगात येते, नेमकं तिथेच ती हातातून निसटते.

आणि 'भारतीय' हा रकाना तरी एकसंध कुठे आहे? त्यात निम्म्याहून कमी हिंदू, पाचातला एक शीख, बाकी मुसलमान, ख्रिस्ती, जैन. हॅरोतला दंतवैद्य त्यात आणि लेस्टरच्या शिवणकामाच्या कारखान्यात किमान वेतनापेक्षाही कमी पैशांत राबणारी बाईही त्यात. सरासरी चांगली असली की त्या सरासरीखाली जगणारी माणसं कुणालाच दिसत नाहीत. आमच्या केंद्रात भारतीय बायका येतात तेव्हा त्या जास्त लाजतात. आपल्या लोकांत असं कुणाचं होत नाही, असं त्यांना वाटत असतं. २०२१ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने 'बीएएमई', म्हणजे सगळे काळे, आशियाई आणि इतर अल्पसंख्य एका टोपलीत घालणारी संज्ञा बंद करा असं सुचवलं आणि सरकारने ते मानलं. तोच विचार 'भारतीय' या टोपलीलाही लावायला हवा.

कोविडच्या वेळी मला या साइटची खरी किंमत कळली. जून २०२० मध्ये सरकारी आरोग्य विभागाने सांगितलं की वय, पुरुष-स्त्री, वस्तीची गरिबी हे सगळं लक्षात घेतल्यावरही बांगलादेशी माणसाला कोविडने मरण्याचा धोका गोऱ्या ब्रिटिश माणसाच्या सुमारे दुप्पट आहे. लगेच बोलणं सुरू झालं, हे लोक नियम पाळत नाहीत, लग्नं करतात. मी दाटीच्या घरांचा २४ टक्क्यांचा तक्ता उघडून आमच्या विश्वस्तांपुढे ठेवला. सासूबाई आणि नाती एका खोलीत झोपतात, आजोबांच्या शेजारी टॅक्सी चालवून आलेला मुलगा झोपतो, तिथे वेगळं राहायचं कुठे? त्याच तक्त्यावर केंद्राला आजारी माणसांना तात्पुरती खोली देण्यासाठी निधी मिळाला. थोडाच, पण मिळाला. एक वेबसाइट एवढं करू शकते.

मग गुण किती? पाचपैकी चार देते. एक कापला तो जोडरकान्यांसाठी आणि पिढीचा रकाना नसल्याबद्दल. इथे जन्मलेले आणि बाहेरून आलेले असे दोन वेगळे आकडे प्रत्येक पानावर असते, तर अर्धे गैरसमज तिथेच मिटले असते. प्रत्येक पानाचं भौगोलिक क्षेत्र आणि वर्ष वेगळं आहे, हेही सांभाळायला लागतं. काही आकडे फक्त इंग्लंडचे, काही इंग्लंड-वेल्सचे, काही सगळ्या ब्रिटनचे. काही ताजे, काही जुने. दोन पानांवरचे आकडे जोडून वाक्य लिहिण्याआधी वरची तारीख वाचाच.

पहिल्यांदा उघडणार असाल तर क्रम असा ठेवा. आधी शिक्षण विभागातलं जीसीएसईचं पान, मग दाटीच्या घरांचं, आणि त्यानंतरच घराच्या मालकीचं. पगारासाठी ओएनएसचे वांशिक पगारदरीचे अहवाल. एखाद्या बरोपुरतीच तुलना हवी असेल, समजा न्यूहॅममधले भारतीय आणि न्यूहॅममधले बांगलादेशी, तर ओएनएसच्या साइटवर २०२१ च्या जनगणनेचा हवा तसा तक्ता स्वतः जुळवायची सोय आहे. तिथे वंश, घर कुणाच्या मालकीचं, जन्माचा देश आणि ठिकाण असे रकाने निवडता येतात. फार लहान वस्तीसाठी तक्ता मागितला तर लोकांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही जागा गाळलेल्या मिळतात, म्हणून अख्खा बरो घ्या. फाईल उतरवली की टक्के स्वतः काढावे लागतात, पण ते काम दहावीतला मुलगाही करू शकेल. मुलांनाच करायला द्या, आणि केलेला तक्ता पुढच्या जेवणाच्या वेळी टेबलावर असू द्या.